एडक्यामागून दुधनीला

"सायकलवर बसून दारात आलीस तर हुग्गी. टेम्पोतून उतरलीस तर तांब्याभर पाणी पी आणि आल्या वाटेनं सोलापूरला परत जा."

माझ्या थोरल्या बहिणीनं फोनवर एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला. आम्ही दोघी आपसात कानडीच बोलतो. इथं मी मराठीत लिहितेय खरी, पण तिचा तो कानडी ठसका मराठीत काही येत नाही. ती एकाहत्तरची, मी चौसष्टची. दुधनी आमचं माहेर, आणि तिला दिली पण दुधनीतच, त्यामुळं ती जन्मभर माहेरात आणि सासरात एकदमच राहिली. मी सोलापूरला आले. हुग्गी म्हणजे खपली गव्हाची खीर. भिजवा, शिजवा, घोटा, गूळ-खसखस-सुंठ घाला. लई कुटाण्याचं काम, आणि तिच्यासारखी कुणाला जमत नाही. त्या हुग्गीसाठी मी कुठंही जाईन हे तिला ठाऊक. म्हणूनच तर तिनं नेमकं तिथं बोट ठेवलं.

आता चौसष्टाव्या वर्षी ही बाई सायकलवर कशी, ते सांगते. नात शिकायला पुण्याला गेली आणि तिची जाड टायरची, गिअरची सायकल जिन्याखाली धूळ खात पडली. एक दिवस पुसायला घेतली, पुसता पुसता बसले, आणि बसले ती थेट तलावापर्यंत गेले. सून गच्चीतून बघत होती, तिच्या हातातली वाळवणाची चादर तशीच राहिली. मग रोज सकाळी तलावाला चकरा. तिथंच ही मंडळी भेटली. सगळी तीस-चाळीसची. दर महिन्याला डांबरी सोडून माळावर, ओढ्यानाल्यातनं, दगडधोंड्यातनं सायकली घालायच्या, हा त्यांचा नाद. मी विचारलं, मला नेता का. त्यांचा उंचापुरा म्होरक्या बँकेत आहे, त्याला सगळे कॅप्टन म्हणतात. तो जरा घुटमळला, म्हणाला, काकू, आधी जवळपासचं करू या. ते पण केलं. पडले, खरचटलं, परत गेले. तीन महिन्यांनी त्यानं स्वतःच सांगितलं की पुढची फेरी वळसंग ते दुधनी, सगळी गाडीवाटेनं. दुधनी म्हटल्यावर मी तिथल्या तिथं हो म्हटलं.

कारण सायकल मी दुधनीतच शिकलेली. भावाची काळी, उंच सायकल दुपारी सगळे झोपले की बाहेर काढायची. नळीखालून तिरका पाय घालून हाफ पायडल मारायची, आणि बहीण कॅरिअर धरून मागनं पळायची. तिचा नियम एकच. पाय टेकला की डाव गेला. पाय जमिनीला लागला की सायकल भिंतीला, आणि आज परत मागायची नाही. मी आठ वर्षांची, ती पंधराची. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. तिला कॅरिअर धरणारं कुणी नव्हतं, म्हणून ती शिकली नाही ती नाहीच. आणि मला मात्र त्या गावातनं सायकलवर कधी जाताच आलं नाही, कारण लोकांनी बघितलं की वडलांना सांगणार. मागच्या बोळात शिकायचं आणि मागच्या बोळात विसरायचं. तर मला दुधनीच्या मोठ्या रस्त्यानं सायकलवर बसून तिच्या दारात जायचं होतं. बाकी मला त्या फेरीतनं काही नको होतं.

आणि मध्ये उभा कॅप्टनचा नियम. अर्ध्याहून जरा पुढं एक डांबरी रस्ता आडवा लागतो, तिथं टेम्पो थांबणार. दीडच्या आत तिथं पोचलं नाही की सायकल टेम्पोत, माणूस टेम्पोत. तो म्हणाला, नियम सगळ्यांना सारखा. म्हणताना बघत होता माझ्याकडं.

थंडीचे दिवस. वळसंगला टेम्पोतनं सायकली उतरवल्या तेव्हा नुकतं उजाडत होतं. आम्ही नऊजण. मी शेवटून दुसरी, माझ्यामागं एक नर्स. तिला सगळे शेपूट म्हणतात, कारण कुणी मागं राहू नये म्हणून ती कायम शेवटी चालते, पाठीवर पंक्चरचं सामान आणि मलमपट्टी घेऊन. मला मावशी म्हणते. माझ्या पाठीवर होत्या कडक भाकऱ्या, शेंगाचटणी आणि नऊ जणांची गूळ-शेंगदाण्याची चिक्की. कॅप्टन म्हणाला, काकू, वजन कमी करा. मी म्हटलं, अकराला भूक लागली की वजन कोण कमी करतंय ते बघू.

काय सांगू ती सकाळ! दोन्ही बाजूला ज्वारी कणसावर आलेली, दव पडून ओली, आणि मधनं आमची रांग. मग ज्वारी संपली आणि माळ लागला. नुसता मुरूम आणि खडक, कुसळाचं पिवळं गवत, बोरीबाभळी. चाकाखालचे खडे उडून हेल्मेटवर टकटक वाजत होते. खड्ड्यातनं गेलं की पुढचा शॉकअप दबतो आणि उसळतो, अगदी लहानपणी बैलगाडीच्या टोकाला बसल्यासारखं. मी मोठ्यानं हसत होते. मागनं शेपूट विचारायची, मावशी, काय झालं? काही झालेलं नसायचं. हसू येत होतं.

अकराला चिक्की संपली. कॅप्टननं तीन खाल्ल्या, लिहून ठेवते. मग पुढची सातजण वेगात निघून गेली, आणि आम्ही दोघी आमच्या चालीनं.

साडेअकराच्या सुमाराला एका जागी वाट फुटली. डावीकडची टेकाडाच्या अंगानं वर जात होती, उजवीकडची सरळ खाली एका घळीत उतरत होती. फाट्यावर लिंबाखाली एक मेंढपाळ घोंगडं टाकून बसलेला, माझ्याच वयाचा. चाकांचे माग सगळे उजवीकडं गेलेले. शेपूट तिकडं वळायला लागली, पण मला वाटलं, विचारावं. मी कानडीत विचारलं, दादा, दुधनीची वाट कुठली? कानडी ऐकून म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. म्हणाला, डावीकडची की, अव्वा. मग आमची माणसं खाली का गेली? तो घोंगड्यावर नीट उठून बसला.

"मी पण तेच म्हणतोय. त्या उंच माणसानं दुधनी दुधनी म्हणून विचारलं. मी दोनदा सांगितलं, एडक्क होग्री. तो मान हलवून हसला आणि माझ्या मेंढरांमागं खाली गेला. मेंढरं घेणारी माणसं हायत का ती?"

मला एक क्षण काही कळलं नाही, आणि मग असं हसू आलं की सायकल धरवेना. कानडीत एडक्क म्हणजे डावीकडं, होग्री म्हणजे जा. आणि आमच्या सातजणांत मराठी, तेलुगू, हिंदी सगळं होतं, कानडी तेवढं कुणालाच नव्हतं. त्यांच्यासमोर घळीत उतरणारा मेंढरांचा कळप, पुढं शिंगं वळलेले दोन दांडगे एडके, आणि हा माणूस म्हणतोय एडक्क. कॅप्टननं काय ऐकलं असेल ते मला तिथंच दिसलं.

शेपटीला सांगितलं तर ती हसली, पण लगेच घड्याळ बघितलं. फोनला रेंज नव्हती. खाली घळीत ती मंडळी कुठवर जातील कोण जाणे. ती म्हणाली, मावशी, तुम्ही बाबांजवळ बसा, मी बोलावून आणते. पण एकट्यानं कुणी उतारावर जायचं नाही, हा पण नियमच. आणि मला दिसत होतं की डावीकडची वाट सोपी आहे. आत्ता निघाले तर दीडच्या आधी अर्धा तास डांबरीला. खाली गेले तर तेवढंच वर चढायचं, माझ्या पायांनी. मग बसा टेम्पोत, आणि दुधनीत उतरा भाजीच्या पोत्यासारखं.

खोटं कशाला बोलू, मी उभी राहिले थोडा वेळ. मग मी म्हटलं, चल.

तो उतार मी जन्मात विसरणार नाही. वरनं बघितला तेव्हा वाट अशी दिसतच नव्हती. पावसाच्या पाण्यानं कापलेली एक चीर, मध्ये बसायच्या पाटाएवढाले दगड, कडेला बाभळीचे काटे. शेपूट मागनं सांगत होती: सीटवरनं उठा, अंग मागं घ्या, दोन्ही पायडल सारखे ठेवा, पुढचा ब्रेक कचकन दाबू नका. "आणि मावशी, दगडाकडं बघितलं की दगडावरच जाता. वाटेकडं बघा." मी वाटेकडं बघितलं. चाक घसरलं, सावरलं, खडखड खडखड करत सायकल खाली निघाली आणि माझे दात एकमेकांवर वाजायला लागले. एका ठिकाणी पुढचं चाक हवेत गेलं. खरंच गेलं. किती वेळ म्हणाल तर पापणी लवायच्या आत परत खाली आलं, पण तेवढ्यात मला आमच्या बोळातली दुपार आठवली, कॅरिअर सोडून देऊन मागं थांबलेली बहीण, आणि मला ते कळलेलं नसताना मी एकटीच पुढं गेलेली. खाली पोचले तेव्हा मी शेपटीला म्हणत होते, परत एकदा करू या का. ती म्हणाली, आधी श्वास घ्या.

खाली ओढ्यात पाणी होतं गुडघ्याइतकं. कळप पाणी पीत होता आणि वाट तिथंच संपत होती. आमची सातही माणसं सायकली धरून कळपाच्या मध्ये उभी. एक एडका कॅप्टनच्या पिशवीला तोंड लावून हुंगत होता. मेंढपाळाचं कुत्रं लांबनं भुंकत होतं, ते त्यांना ना पुढं जाऊ देत होतं ना मागं.

मी कानडीत दरडावलं तेव्हा कुत्रं बाजूला झालं. कॅप्टन म्हणाला, काकू, तो म्हातारा स्वतः म्हणाला हो. त्याचे शब्द जसेच्या तसे सांगतो.

"एडका, हो, घरी. म्हणजे एडके घरी निघालेत, त्यांच्या मागं जा, गाव लागेल. आता ह्यात मी काय चुकलो?"

मी अर्थ सांगितला. सगळी हसली, तो पण हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. त्यानं कबूल केलं की दुसऱ्यांदा सांगताना म्हातारा हातानं डावीकडं दाखवत होता, पण त्याला वाटलं तो माशी हाकलतोय.

वर चढायला तासभर गेला. अर्धी वाट सायकल ढकलत, अर्धी खांद्यावर. माझी सायकल दोन ठिकाणी दुसऱ्यांनी उचलली, ते मी नाकारत नाही. लिंबाखाली म्हाताऱ्यानं आमच्याकडं असं बघितलं की शेवटी मेंढरू न घेताच परत आले हे लोक. जाताना मी त्याला दोन भाकऱ्या दिल्या. त्यानं परत एकदा, सगळ्यांना ऐकू जाईल असं, हात पूर्ण लांब करून सांगितलं, एडक्क. ह्या वेळी नऊजण डावीकडं वळले.

डांबरी लागली तेव्हा दोन वाजून गेले होते. टेम्पोचं मागचं फळकट उघडं टाकून ड्रायव्हर झोपलेला. कॅप्टननं घड्याळ बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि हेल्मेट काढलं. म्हणाला, नियम आहे, मी पण बसतो. सगळेच बसू. त्याच्या आवाजात खोट नव्हती. मला वाईट वाटू नये म्हणून सगळ्यांना बसवत होता बिचारा. म्हणाला, काकू, तुम्ही दमलाय, मला दिसतंय.

दमले होतेच. अजून चौदा-पंधरा किलोमीटर उरलेली. पण मला टेम्पोचं ते उघडं फळकट दिसत होतं आणि त्याच्या पलीकडं बहिणीचं दार दिसत होतं. मी म्हटलं, कॅप्टन, एक डाव द्या. लहानपणीचा नियम लावा मला. इथनं निघाले की पाय टेकायचा नाही. जिथं पाय टेकला तिथं मी आपणहून टेम्पोत बसेन, तोंडातनं शब्द काढणार नाही.

तो म्हणाला, चौदा किलोमीटर पाय न टेकता? गाडीवाटेनं?

"तुम्ही एडक्यामागं गेलात तेव्हा मी तुमच्या मागं आले का नाही?"

शेपूट तोंड फिरवून हसत होती. कॅप्टननं परत हेल्मेट घातलं. ड्रायव्हरला सांगितलं, हळूहळू मागनं ये. आणि मला म्हणाला, काकू, पुढं व्हा. वाट विचारायला आता तुम्हीच लागणार.

तर असं झालं की जन्मात पहिल्यांदा मी सगळ्यांच्या पुढं. मागं आठ सायकली, त्यांच्या मागं टेम्पो. गिअर खाली टाकला आणि म्हटलं, हळू, पण थांबायचं नाही. पहिले चार-पाच किलोमीटर बरे गेले. मग मांड्या पेटल्या. मग त्या पेटायच्या पण थांबल्या, लाकडाच्या झाल्या. वाटेत कुणी दिसलं की मी चालत्या सायकलीवरनंच कानडीत विचारायची आणि उत्तर मागं ओरडून सांगायची. सगळे मागनं म्हणायचे, एडक्क, बलक्क. बलक्क म्हणजे उजवीकडं, हे मी त्यांना शिकवलं होतं. शेतातल्या बायका खुरपी थांबवून बघत होत्या.

गाव दिसायला लागलं आणि नेमकी तिथंच समोर बैलगाडी. तुरीच्या वाळक्या काटक्यांनी भरलेली, वाटेच्या रुंदीएवढी, आणि गाडीवान वर आडवा, त्याची नुसती पावलं दिसत होती. बैलांची चाल माझ्या चालीच्या निम्मी. मी ब्रेक लावला, सायकल डुगडुगली, डावा पाय पायडलवरनं सुटला. जमीन वीतभर खाली. मागं नुसते ब्रेक कुरकुरल्याचे आवाज. मी जीव खाऊन ओरडले:

"अण्णा, बलक्क सरीरी!"

उजवीकडं सरका, एवढंच. पावलं हलली. गाडीवानानं उठून मागं बघितलं, समोर हेल्मेट घातलेली म्हातारी, आणि तिच्या मागनं आठ जणांनी एका सुरात, कुणी मराठी चालीवर, कुणी तेलुगू चालीवर, ओरडलं, बलक्क सरीरी. त्यानं घाबरून कासरा ओढला. गाडी कलली, डाव्या अंगाला हातभर जागा झाली आणि त्यातनं मी गेले. तुरीचं काटूक गालाला ओरबाडून गेलं. पाय परत पायडलवर होता. टेकला नव्हता. कॅप्टन मागनं साक्ष देत होता, टेकला नाही, टेकला नाही.

दुधनीचा मोठा रस्ता. आमच्या वडलांचं दुकान होतं तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. मी त्याच्यासमोरनं सायकलवर गेले, दिवसाउजेडी, बाजाराच्या वेळेला. कुणी मला ओळखलं नाही, आणि मला हसू आवरेना.

बहीण उंबऱ्यात उभी होती. मी तिच्या पायरीला चाक लावलं आणि मग पाय खाली टेकला. तिनं आधी वाकून टायर बघितले, बोटानं माती खरवडली. मग वळणापर्यंत गेली आणि टेम्पो कुठं उभा आहे ते बघून आली.

"वळणावर उतरली नाहीस ना?"

मी म्हटलं, ह्यांना विचार. आठ जणांनी एकदम सांगायला सुरुवात केली, ती पण मराठीत, तेलुगूत, हिंदीत. तिनं कॅप्टनलाच नीट निरखून घेतलं आणि मला कानडीत विचारलं, मेंढरामागं गेलेला तो हाच का? बहिणीचा नंबर मी सकाळीच शेपटीला दिलेला, आणि शेपटीनं रेंज आल्याबरोबर तिला फोन करून सगळं सांगितलेलं. कॅप्टननं हात कुठं धुवायचे असं विचारलं, तर बहीण म्हणाली, एडक्क. आठही जण निमूट डावीकडं वळले.

पानं मांडली. हुग्गी पातेलंभर होती. दाणा न् दाणा उकललेला, वरनं तूप, बाजूला दूध. कॅप्टन दोनदा मागून खात होता. मी दुसरा घास तोंडात घातला आणि थांबले. खपलीचे गहू काही तासाभरात भिजत नाहीत. रात्रभर पाण्यात राहावे लागतात, तेव्हा कुठं सकाळी शिजायला घ्यायचे. आणि शेपटीचा फोन तर आम्ही गावाच्या शिवेवर आल्यावर गेलेला.

मी विचारलं, "अक्का, गहू भिजत कधी घातलेस?"

"काल सांजेला. का?"

"काही नाही."

"मग गप जेव. तूप सोडतेय, हात काढ."